बेटावरचे परके

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला चहापाणी उमेदवारानेच करायचं, हा विद्यापीठाचा अलिखित रिवाज. म्हणून सातपुड्यातली रमिला पाडवी ट्रे घेऊन आत गेली. पुण्याहून आलेले परीक्षक मान वर न करता म्हणाले, "ठेव तिथे आणि बाहेर थांब. उमेदवार आल्या की पाठव."

"मीच उमेदवार, सर."

"अरे! वाटलं नाही हो," म्हणत ते हसले. रमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाईडबाईंनी डोळ्यांनीच दटावलं, म्हणून तिने राग गिळला आणि ती आपल्या प्रबंधावर बोलायला लागली.

"जुन्या इंग्रजीत राजा म्हणजे 'किनिंग', आपल्या कुळातला. आणि परका म्हणजे 'वेआल्ह'. बोटींतून आलेल्या इंग्रजांच्या पूर्वजांनी हा शब्द त्या बेटावर आधीपासून राहणाऱ्यांनाच लावला. पुढे त्याचाच अर्थ गुलाम असा झाला."

परीक्षकांनी बिस्किट चहात बुडवलं. "कमाल आहे! ज्यांची जमीन, त्यांनाच परकं ठरवलं? कसं जमलं हे त्यांना?"

"त्यात काय अवघड आहे, सर?" रमिलाचा आवाज चढला. "मान वर करून बघायचं नाही. ठेव तिथे आणि बाहेर थांब, एवढं म्हणायचं."