सातवी खुर्ची

"एका पोरीसाठी माळ्यावरून गाडीत बसवायच्या सात खुर्च्या उतरवल्या," दुकानदार पुटपुटला, तेही सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "ताई, अंगानं ही दुसरीतली वाटते. नुसती उंच बैठक, ते बूस्टर घ्या, वरून गाडीचा पट्टा लावा आणि मोकळ्या व्हा!"

"अंगानं वाटत असेल. वय चारच आहे, डोळा लागला की कलंडते," असं म्हणत आईनं सातव्या खुर्चीचे पट्टे लेकीच्या रुंद खांद्यांवरून ओढून घेतले. ही एकदाची अंगाला बसली.

"आपल्या गाडीतली आधीची खुर्ची फोटोतल्या दादाची होती ना?" लेकीनं विचारलं. आजी लगबगीनं खेळण्यांच्या फळीकडे वळली.

आईनं पट्ट्याचा खटका लावला, सोडला, पुन्हा लावला. खट्ट आवाज आला, तरी तिनं तिसऱ्यांदा लावून पाहिला. अपघाताच्या दिवशी दादाचा पट्टाही तिनंच लावला होता. पण तेव्हा हा आवाज आला होता का, हे तीन वर्षं आठवून आठवून तिच्या डोक्याचा भुगा झाला होता. गाडीत मागच्या सीटवर त्याच्या शेजारी आजीच बसली होती, पण तिला विचारायचा धीर होत नव्हता.

चौथ्यांदा खटक्याकडे निघालेला तिचा हात आजीनं येऊन घट्ट धरला.

 

"तू नीटच लावला होतास गं. 'एवढा दांडगा झालाय, बसू दे की जरा मोकळा,' म्हणत मीच सोडला."