पृथ्वीला नमस्कार

ऑनलाइन नृत्यस्पर्धेत लावणी झाली, हिपहॉप झालं. आता भरतनाट्यम. रेवा पडद्यावर आली आणि मिरजेत घरी बसलेल्या तिच्या गुरू मंदाताई वैतागल्याच. नाचाआधी वाकून धरणीला हात लावायचा, तिच्यावर पाय आपटणार म्हणून क्षमा मागायची, हे कितीदा शिकवलं! आणि ही पोरगी हात जोडून वर बघतेय?

"अगं, खाली वाक! गुण जातील!" ताई माइकमध्ये ओरडल्या.

उत्तर यायला जरा वेळ लागला.

"ताई, पृथ्वीची क्षमा मागायची ना? ती तर वर आहे."

कॅमेरा वळला. रेवाच्या चंद्रावरच्या घराच्या काचेच्या छतापलीकडे, काळ्याभोर आकाशात, निळी पृथ्वी लखलखत होती.

ताई बघतच राहिल्या. मग नकळत त्यांनी फरशीवरचे पाय खुर्चीवर घेतले.