जपानी पार्ट

"हे काढलं तर काय होईल?" हिंमतरावांनी विचारलं.

"माहीत नाही. म्हणून तर काढत नाहीये," स्टिअरिंगखालून श्यामसुंदर म्हणाला.

हडपसरच्या पुढे, मांजरी फाट्याजवळ त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. 'सल्ले घरी ठेवून यावे' अशी पाटी त्याने दारावर लावली होती, आणि ती तो पाळायला लावायचा. हिंमतरावांची गाडी चौघांनी ढकलत त्याच्या दाराशी आणली होती. गाडी जपानची. तिकडे नोकरी करून परतलेल्या एका साहेबाने सोबत आणलेली; हिंमतरावांच्या मुलाने, इंद्रजीतने, ती वडिलांसाठी घेतली. हिंमतराव राहायचे त्या वारज्यात तिचं फार कौतुक. पण मांजरीच्या वाटेवर ती महिन्याभरात तिसऱ्यांदा बंद पडली होती. चहाला म्हणा, हवा भरायला म्हणा, जरा कुठे थांबलं की पुन्हा सुरूच व्हायची नाही. ओढून वारज्याला नेली की पहिल्या चावीला सुरू. दोन मेकॅनिकांनी आतली जपानी अक्षरं बघूनच हात जोडले होते.

श्यामसुंदरची रीत वेगळी. एकेक डबी पुसायची, तिच्यावरची अक्षरं मोबाइलवर वाचून घ्यायची आणि कागदी चिकटपट्टीवर मराठी नाव लिहून ते डबीवर डकवायचं. तासाभरात त्याने डॅशबोर्डखालच्या सगळ्यांचं बारसं उरकलं. 'हवेची पिशवी, हात लावू नये.' 'रस्ता दाखवणारी.' 'जपानचा टोल.' ही टोलवाली रोज चावी फिरवली की जपानीत काहीतरी बोलायची. काय बोलते ते ठाऊक नसल्याने हिंमतराव तिला आपला नमस्कार करायचे.

आज त्यांचं लक्ष घड्याळात होतं. नोंदणी कार्यालयात बाराची वेळ मिळाली होती. त्याआधी मांजरीतून बहिणीला, चंद्रभागाला, घ्यायचं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊन वडिलांच्या जमिनीतला तिचा हिस्सा त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतला होता. त्यातले दहा गुंठे आता तिला परत द्यायचे होते. मन खात होतं, दुसरं कारण नव्हतं. हे कानावर गेल्यापासून इंद्रजीतने घरात थयथयाट मांडला होता, म्हणून आज दुसऱ्याच दिशेच्या खडकीला लग्नाला जातो असं सांगून ते निघाले होते.

"हिचं नाव काही सापडत नाही," श्यामसुंदर बाहेर येत म्हणाला.

वायरींना लोंबणारी काडेपेटीएवढी काळी डबी त्याने ओढून पुढे धरली. तिच्यावर एक अक्षर नव्हतं. वायरी स्टार्टरच्या वायरीला पिळून, वरून काळी पट्टी गुंडाळलेली होती.

"हे काम जपानचं नाही. अशी जोडणी करून जपानी माणसाला झोप लागणार नाही." त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने झाकण उघडलं. आत सिमकार्ड होतं. आपल्याकडचं.

तेवढ्यात हिंमतरावांचा फोन वाजला. इंद्रजीत होता.

"अप्पा, हडपसरला काय करताय? गाडी बंद पडली ना? बसा तिथंच, मी माणूस पाठवतो. आणि त्या मेकॅनिकला सांगा, काळ्या डबीला टच करू नको. जपानी पार्ट आहे, इथं मिळत नाही."

"बंद पडली म्हनून तुला कुनी सांगितलं?"

"गेस केला," इंद्रजीत म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

श्यामसुंदरने सगळं ऐकलं होतं. "गाडी कुठं आहे ते फोनवर दिसतं," तो म्हणाला. "थांबली की फोनवरूनच स्टार्टर बंद करता येतो. या दोन वायरी कापून मूळची जोडली की झालं. कापू?"

"कापली तर त्याला कळंल?"

"लगेच."

हिंमतरावांनी रस्त्याकडे बघितलं. पोराचा राग आला होता, आणि रागाहून जास्त त्याची भीती वाटत होती. रस्त्यापलीकडे चार रिक्षा उभ्या होत्या. मांजरी तिथून तीन किलोमीटर. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

फोन पुन्हा वाजला. चंद्रभागाचा.

"दादा, निघालास नव्हं? मी कवाधरनं दारात बसलीया."

"चंद्रे, गाडी बंद पडली गं. जपानी गाडी हाय. हितं कुनाला तिचं कायबी कळत न्हाई."

श्यामसुंदरने हातातली पकड खाली ठेवली.

चंद्रभागाचा आवाज चढला नाही.

"हक्कसोडीची सही न्यायला आलतास, दादा," ती म्हणाली, "तवा वारज्यावरनं सायकलीवर आलतास."