रेषेबाहेर

पायलनं आष्टीच्या दोन जुन्या विजेत्या कबड्डी संघांना कॉम्प्युटरवर पाच सामने खेळायला लावलं. एकात ऐन विशीतले तिचे अप्पा होते, दुसऱ्यात तिचा भाऊ सूरज. सूरजचा चेहरा तिनं भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवरून घेतला.

शेवटच्या सामन्यात सूरज बाद झाला. आता अप्पांचा एखादा गडी बाद होईस्तोवर तो रेषेबाहेरच बसणार होता. सामना अप्पांच्या खिशात होता. तरी शेजारी बसलेल्या अप्पांनी माउस हातात घेतला, स्वतःलाच चढाईला पाठवलं आणि सूरजच्या संघातल्या चौघांच्या मधोमध नेऊन उभं केलं.

"अप्पा, जल्दी मागं फिरा! धरतील न तुम्हाला!" पायल ओरडली.


"धरू दे. लेकरू कव्हाचं बाहेर बसून राह्यलं. येऊ दे त्याला आत."