सासऱ्यांचं पार्टिशन

"मेले तरी यादीत पहिले!" सून कॉम्प्युटरकडे बोट नाचवत म्हणाली. "रोज सकाळी हे यंत्र विचारतं, कुणाचं उघडू? दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही की सासऱ्यांचं उघडतं. त्यांचा पासवर्ड कुणाला ठाऊक? मग पुन्हा बंद, पुन्हा चालू. तोवर माझी मीटिंग अर्धी संपते, दादा!"

दुरुस्तीवाल्याने मान डोलावली आणि चोरून फोन पाहिला. काही नाही.

डिस्क एक, संसार दोन. एका पार्टिशनवर सुनेची सिस्टिम, दुसऱ्यावर दोन वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांची.

"यातलं काही हवंय? फोटो, कागदपत्रं?"

"हयातीत कधी हात लावू दिला नाही. आता काय डोंबल हवंय? पुसा."

त्याने तपासलं. "पण ताई, हे आज सकाळी नऊलाच उघडलेलं दिसतंय."

"आपोआप उघडतं म्हणून तर तुम्हाला बोलावलं ना!"

खरंच की. त्याने स्वतःच्याच अकलेला हात जोडले आणि आधी ती यादी काढायला घेतली. ती न काढता पार्टिशन उडवलं, तर यंत्र चालूच व्हायचं नाही.

खिडकीपाशी सासूबाई मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसल्या होत्या. सुया हलत होत्या, विणकाम मात्र तसूभर वाढत नव्हतं.

"त्यांच्याकडे लक्ष देऊ नका," सून म्हणाली. "सासरे गेल्यापासून तोंडातून शब्द नाही. काही कळत नाही हो त्यांना."

त्याने पुन्हा फोन पाहिला.

"कुणाच्या फोनची एवढी वाट बघताय?"

"फोनची नाही, चालीची. बुद्धिबळ खेळतो ऑनलाइन. 'म्हातारा उंट' नावाचा कुणी खवीस आहे, दीड वर्ष मला धूळ चारतोय. एकोणचाळीस डाव, एकोणचाळीस हार! आज बाराच्या आत त्याची चाल आली नाही, तर डाव माझा."

एक गोष्ट त्याने सांगितली नाही. काल संध्याकाळी त्याने उंटाचा वजीर गिळला होता. त्या आनंदात त्याला जेवणही सुचलं नव्हतं.

इतक्यात पडदा काळा झाला. सासूबाईंचा पाय खिडकीखालच्या प्लगच्या बटणावर होता.

"सासूबाई!" सून करवादली.

पुन्हा चालू, पुन्हा पहिल्यापासून. जरा रंगात येतोय तोच लोकरीचा गुंडा टेबलाखाली गडगडला आणि वायरींमध्ये असा गुरफटला, की दुरुस्तीवाला पाव तास गुडघ्यांवर रांगत गाठी सोडवत बसला. उठताना डोकं टेबलावर आपटलं ते वेगळंच.

"आजी, तुमच्या पाया पडतो. दहा मिनिटं स्वस्थ बसा!"

सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं.

बाराला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर प्रश्न आला: पार्टिशन कायमचं पुसायचं? त्याने 'हो' दाबलं. मोकळी जागा सुनेच्या पार्टिशनला जोडली. यंत्र बंद केलं, चालू केलं. प्रश्न नाही, यादी नाही, थेट सुनेचं उघडलं.

"सुटले बाई!" म्हणत सुनेने कानांत हेडफोन घातले आणि ती मीटिंगमध्ये बुडाली.

बाराच्या ठोक्याला खिशातला फोन वाजला. 'प्रतिस्पर्ध्याची वेळ संपली. तुम्ही जिंकलात.'

दुरुस्तीवाल्याने बॅगेसकट उडीच मारली. शीळ घालत तो दाराशी बूट घालायला वाकला, तोच खांद्यात काहीतरी टोचलं. मागे सासूबाई उभ्या होत्या, हातात सुई.

दोन वर्षांचा गंज चढलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "वजीर मी मुद्दाम दिला होता, मेल्या. पुढच्याच चालीला घोड्याने मात होती."