चारही प्लग बाहेर

माझ्या जुन्या गाडीतून शिरूरहून दौंडला माहेरी जायला बायको, तेजश्री, आज प्रथमच तयार झाली होती. गाडीनं मात्र गल्लीतच आचके द्यायला सुरुवात केली.

इनुसमामांच्या गॅरेजात तेजश्री गाडीतच बसून राहिली. मामांनी चारही स्पार्क प्लग काढून ओट्यावर मांडले.

“प्लगांच्या टोकांतली गॅप लई वाढलीय, साहेब. गाडीला तुमचा हात न्हाई मानवत,” म्हणत ते एकेक प्लग हलकेच ठोकू लागले.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. माझ्या हातात ते इतकं मऊ कधीच चाललं नव्हतं.

तीन प्लग ओट्यावर होते. चौथा मामांच्या हातात होता.

तेजश्री शेजारच्या रिकाम्या ड्रायव्हर सीटकडे बघून चक्क लाजली. माझ्याकडे बघून लाजली होती ती साखरपुड्यात.

मी काच वाजवली. तिनं दचकून माझ्याकडे पाहिलं आणि त्या सीटला विचारलं, “अहो, हे कोण? तुमच्या ओळखीचे आहेत का?”