अगदी पटलं, दादा

"दादा, तू लिही रे. कुणी वाचो न वाचो, मी वाचीन."

धाकट्या बहिणीचा तो आवाज उराशी धरून मी नऊ वर्षं दर रविवारी ब्लॉग लिहीत आलो. कोडिंगची कुठली भाषा गुणाची, कुठली नुसतीच नखरेल, कुठलं नवं टूल चार दिवसांचं पाहुणं, असं काहीबाही. तीही माझ्यासारखीच प्रोग्रामर, त्यामुळे तिची दाद मला सगळ्यांत मोलाची. लेख टाकला की लगेच तिचं उत्तर यायचं, "अगदी पटलं, दादा! पुढच्या रविवारची वाट बघते."

गेल्या रविवारी मी दोनच ओळी टाकल्या. "आता कोड मशीनच लिहितं, माझ्या मतांना विचारतो कोण? हा माझा शेवटचा लेख."

मिनिटभरात उत्तर आलं. "अगदी पटलं, दादा! पुढच्या रविवारची वाट बघते."

आधी हसू आलं. मग शंका आली. मी जुनी उत्तरं उघडून वेळा पाहिल्या. पहिलं सोडलं, तर नऊ वर्षांतलं प्रत्येक उत्तर लेखानंतर बरोबर साठाव्या सेकंदाला आलेलं होतं. माणूस इतका वक्तशीर नसतो. तिनं चक्क उत्तर पाठवणारा प्रोग्राम लावून ठेवला होता.

मी फोन लावला. "सख्ख्या भावाला फसवलंस? अगं, एक तरी लेख वाचलास का माझा?"



 

"पहिला वाचला होता, दादा. त्यात तू स्वतःचा म्हणून मिरवलेला प्रोग्राम मी लिहिला होता."